समतल दिसणे आणि समतल चालणे : अमेरिकी पिकअप ट्रकच्या कमानींची शंभर वर्षे

१/
अमेरिकेतील एखादा अवजड कामाचा पिकअप ट्रक रिकामा उभा असताना बाजूने न्याहाळला, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्याची शेपूट वर असते आणि नाक खाली. फरक थोडाच, दोन-तीन इंचांचा. पण अनेक मालकांना तो खुपतो. ट्रक घरी आला की त्याची पुढची बाजू उचलून तो समतल करायचा, हा तिथे जवळजवळ गृहप्रवेशाचा विधी झाला आहे. त्यानंतर पुष्कळदा दुसरी तक्रार सुरू होते : ट्रक दिसायला सरळ झाला, पण चालताना दणके देऊ लागला. या दोन तक्रारींमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. थ्रेड.

२/
आधी झुकावाचे कारण. पिकअपचा हौदा मागे असतो. माल भरला की ओझ्याचा फार मोठा वाटा मागच्या चाकांवर जातो, मागच्या कमानी दबतात आणि शेपूट खाली बसते. ती बसल्यावर ट्रक सरळ उभा राहावा, म्हणून रिकामा असताना ती मुद्दाम उंच ठेवलेली असते. रिकाम्या ट्रकचा तिरकेपणा म्हणजे अजून न भरलेल्या मालासाठी राखून ठेवलेली जागा. मराठी शेतकऱ्याला भाराचे हे गणित बैलगाडीवरून ठाऊक होते. मागे जास्त भार झालेली गाडी ‘उलाळ’ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. ट्रकला बैल नसतात, पण दिशा सांभाळणारी पुढची चाके असतात. मागच्या आसाच्याही मागे भार गेला, की तीच चाके हलकी होतात.

३/
ओझे पेलण्याचे जुने साधन म्हणजे पोलादी पाटे. एकावर एक रचलेल्या, किंचित वाकवलेल्या पट्ट्यांची ही कमान युरोपातील घोडागाड्यांतून मोटारीत आली. तिचा मोठा गुण असा, की ती एकटीच तीन कामे करते : भार उचलते, चाकांचा आस जागेवर धरून ठेवते आणि पट्ट्यांच्या आपसांतील घर्षणाने उसळी थोडीफार शमवते. ती स्वस्त असते, दणकट असते आणि गावातल्या लोहारालाही कळते. ट्रकने तिला सहजासहजी सोडले नाही, याचे कारण या तीन गुणांत आहे. पण तिचा एक स्वभावदोषही आहे. तिचा कडकपणा एकदा ठरला की ठरला.

४/
हा दोष समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब पुरेसा आहे. समजा, रिकाम्या ट्रकच्या मागच्या दोन कमानींवर ८०० किलो भार आहे आणि हौद्यात आणखी १,२०० किलो माल भरायचा आहे. माल भरल्यावर शेपूट फक्त १० सेंटीमीटर बसावी, असे ठरवले. मग कमानी दर सेंटीमीटरला १२० किलो इतक्या कडक हव्यात. अशा कमानींवर भरलेला ट्रक सेकंदाला साधारण १.२ वेळा वरखाली होतो. हा संथ, सुखद झोका. पण रिकामा ट्रक त्याच कमानींवर सेकंदाला जवळजवळ १.९ वेळा हलतो. चांगल्या प्रवासी मोटारीचा झोका सेकंदाला एक ते दीडच्या आसपास ठेवतात. त्यापुढे हेलकावा जाऊन हिसका येतो.

५/
उलट बाजूने विचार करावा. रिकाम्या ट्रकलाच मोटारीसारखा संथ झोका हवा, सेकंदाला एक. त्यासाठी कमानी दर सेंटीमीटरला ३२ किलो इतक्या मऊ कराव्या लागतील. मग तेच १,२०० किलो चढवल्यावर शेपूट साडेसदतीस सेंटीमीटर खाली जाईल. तितकी जागा बहुतेक ट्रकांच्या पोटाखाली नसतेच. आस रबरी ठोकळ्यावर आदळेल आणि कमान असून नसल्यासारखी होईल. ओझे, उंची आणि आराम यांपैकी दोन पदरात पडतात, तिसरे निसटते. पुढची शंभर वर्षे म्हणजे हे तिसरे पकडण्याच्या धडपडीची कथा आहे.

६/
आरंभी ही धडपड कोणाच्या मनातही नव्हती. फोर्डची मॉडेल टी ही मोटार घेतलेले अमेरिकी शेतकरी मागचा भाग काढून त्या जागी लाकडी पेटी बसवत आणि बटाट्यापासून दुधाच्या कॅनपर्यंत सर्व काही वाहत. १९१७मध्ये फोर्डने मॉडेल टीटी हा एक टनी सांगाडा बाजारात आणला. त्यावरचा हौदा मात्र ज्याचा त्याने बांधून घ्यायचा. लोकांनी घरच्या घरी केलेला हा जुगाड कारखान्याच्या नजरेतून सुटला नाही. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने तयार हौद्यासह मॉडेल टी विक्रीस काढली. किंमत २८१ डॉलर.

७/
या गाडीचा हौदा ५६ इंच लांब, ४० इंच रुंद आणि १३ इंच खोल होता. इंजिन २० अश्वशक्तीचे. मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक अशी आडवी कमान असे. या मालवाहू रूपात मागची कमान अधिक भक्कम केली होती. पिकअपच्या पुढील सगळ्या इतिहासाचे बीज या एका बदलात दिसते. पुढची बाजू मोटारीची, मागची बाजू ओझ्याची. एकाच सांगाड्यात दोन वेगळ्या वाहनांचे स्वभाव नांदू लागले. रिकामी गाडी मागून उसळते, ही तेव्हा तक्रार नव्हती. रस्ते कच्चे होते, वेग कमी होता, आणि शेतकरी रिकामी गाडी फारशी फिरवत नसे.

८/
प्रवासी मोटारीत मात्र १९३०च्या दशकात मोठी उलथापालथ झाली. तिचे नायक मॉरिस ओली हे ब्रिटिश अभियंते. हेन्री रॉइस यांच्या हाताखाली ते तयार झाले, पुढे मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे रोल्स-रॉइसच्या अमेरिकी कारखान्यात त्यांनी काम केले आणि १९३०मध्ये ते जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात दाखल झाले. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा वाटणारा होता. उत्तम पोलाद, उत्तम गाद्या आणि प्रशस्त बैठक असूनही महागड्या मोटारीत मागे बसलेल्याला मळमळ का होते?

९/
ओली यांनी सात आसनी कॅडिलॅक मोटारीवर पुढे आणि मागे सरकवता येतील अशी वजने लावली. वजने हलवायची, कमानी बदलायच्या आणि माणसे बसवून रस्त्यावर फिरवायचे. मोजमापाची सूक्ष्म उपकरणे हाताशी नसल्याने बसणाऱ्याचे शरीर हेच उपकरण होते. या खटाटोपातून दिसले, की माणसाला निव्वळ वरखाली होण्याचा तितका त्रास होत नाही. खरा त्रास नाक वर-शेपूट खाली, शेपूट वर-नाक खाली, अशा डोलण्याचा होतो. उखळीतल्या मुसळासारखी सरळ हालचाल शरीर सहन करते. होडीसारखी हालचाल पोट ढवळते.

१०/
मग उपाय? त्या काळच्या मोटारींत पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा बऱ्याच कडक असत. ओली यांनी हे उलटे केले. रस्त्यातला उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, क्षणभराने मागच्या. पुढची कमान मऊ असेल तर पुढचा झोका संथ होतो. मागची थोडी कडक असेल तर मागचा झोका उशिरा सुरू होऊनही वेगाने पुढच्याला गाठतो. मग संपूर्ण गाडी एकसाथ वर उचलली जाते आणि एकसाथ खाली येते. या चालीला ‘फ्लॅट राइड’ हे नाव पडले.

११/
इथे या इतिहासाचे मर्म आहे. समतल या शब्दाचे दोन अर्थ आहेत. उभी असताना समतल दिसणे हा एक आणि धावताना समतल राहणे हा दुसरा. पहिला अर्थ डोळ्याला कळतो आणि फूटपट्टीने मोजता येतो. दुसरा शरीराला कळतो आणि तो पुढच्या-मागच्या कमानींच्या आपसांतील नात्यातून जन्मतो. पहिला साधल्याने दुसरा आपोआप साधत नाही. उलट निष्काळजीपणे पहिला साधला तर दुसरा हातचा जातो. नव्वद वर्षांनंतर हाच गोंधळ अमेरिकेच्या गॅरेजांमध्ये पुन्हा दिसतो.

१२/
ओली यांच्या उपायाची एक किंमत होती. त्या काळी पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असत. कमानी मऊ करताच हा आस ठरावीक वेगाला थरथरू लागे, चाके डावी-उजवीकडे फडफडत आणि सुकाणू हातात थांबत नसे. म्हणून अखंड आस काढून पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे टांगावे लागले. १९३४च्या जनरल मोटर्सच्या मोटारी ही स्वतंत्र पुढची चाके घेऊन आल्या. मऊ कमान ही केवळ कमानीची बाब राहिली नाही. तिच्यासाठी गाडीच्या पुढच्या भागाची सगळी रचना बदलावी लागली.

१३/
ट्रक या क्रांतीबाहेर राहिले. अखंड आस आणि पाट्यांची जोडी ओझ्याला भक्कम होती, दुरुस्तीला सोपी होती. दुसऱ्या महायुद्धाने तर हीच जोडी जगभर चिखलातून चालवून सिद्ध केली. लष्करी ट्रकांच्या अनुभवातून डॉजने १९४६मध्ये पॉवर वॅगन हा नागरी ट्रक आणला. फोर्डची एफ-मालिका १९४८मध्ये आली. अमेरिकी पिकअपची रांगडी प्रतिमा या काळात घडली. आराम हा मोटारीचा गुण आणि ताकद हा ट्रकचा, अशी जणू वाटणीच झाली.

१४/
ही वाटणी मोडली ती अभियंत्यांनी नव्हे, ग्राहकांनी. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले आणि लांबचे, वेगवान प्रवास सामान्य झाले. १९५७मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ट्रॅव्हलेट हा प्रशस्त केबिनचा पिकअप आणला. त्यात पुढच्या बाकामागे आणखी एक बाक होता. हौद्यावर छोटे घरच बसवून सहलीला जाण्याची प्रथा १९६०च्या दशकात बहरली. शेतावर तासभर चालणाऱ्या ट्रकमध्ये आता बायकामुले दिवसदिवस बसू लागली. कण्याची कुरकुर प्रथमच विक्रेत्यापर्यंत पोहोचली.

१५/
१९६०च्या शेवरले पिकअपला पुढे स्वतंत्र चाके मिळाली. त्यांना आधार होता टॉर्शन बारचा, म्हणजे पीळ देऊन स्प्रिंगचे काम करून घेतलेल्या पोलादी कांबेचा. १९६३मध्ये या कांबेची जागा गोल वेटोळ्यांच्या कॉइल स्प्रिंगने घेतली. हलक्या मॉडेलांना मागेही कॉइल स्प्रिंगच होती. फोर्डने १९६५मध्ये ‘ट्विन आय-बीम’ ही तडजोड काढली. एका अखंड आसाऐवजी दोन भक्कम तुळया, प्रत्येक चाकाला एक. जाहिरातीत ताकद आणि आराम हे शब्द शेजारी शेजारी आले. पन्नास वर्षांपूर्वी शेतकऱ्याने असे काही मागितलेही नव्हते.

१६/
ट्विन आय-बीमने एक धडाही शिकवला. या रचनेत प्रत्येक तुळई गाडीखालच्या एका खुंटीभोवती फिरते. गाडीची पुढची उंची बदलली, की चाकांचा उभा कोन बदलतो. पुढची बाजू उचलली तर चाके वरून बाहेर कलतात आणि टायर एका कडेने झिजू लागतात. उंची ही स्वतंत्र राशी नाही, ती कोनांशी बांधलेली आहे, हे हजारो गॅरेजांनी झिजलेल्या टायरांवरून वाचले. अभियंत्यांच्या आराखड्यात हे आधीपासून लिहिलेले होते. मालकांना ते खिशातून कळले.

१७/
दरम्यान काही कल्पक लोकांनी मूळ पेचच सोडवायचे ठरवले. भार बदलला तरी उंची कायम ठेवायची, आणि कमानही मऊ ठेवायची. १९५५मध्ये पॅकार्ड कंपनीने विल्यम ॲलिसन यांची ‘टॉर्शन-लेव्हल’ रचना बाजारात आणली. प्रत्येक बाजूचे पुढचे आणि मागचे चाक एकाच लांब पीळदार कांबेने जोडलेले. पुढचे चाक उचलले गेले की तो दणका मागच्याकडेही वाटला जाई, त्यामुळे डोलणे कमी होई. मागे माणसे बसली की सुमारे सात सेकंद थांबून एक विजेची मोटर गाडी पुन्हा समतल करी. थांबायचे अशासाठी, की प्रत्येक खड्ड्याला ती ‘ओझे’ समजू नये.

१८/
त्याच वर्षी फ्रान्समध्ये सित्रोएनने डीएस ही मोटार सादर केली. पॉल माजेस यांनी घडवलेल्या तिच्या रचनेत पोलादी कमानच नव्हती. बंद गोळ्यांत कोंडलेला वायू स्प्रिंगचे काम करी आणि पंपाने ढकललेले तेल उंची राखी. मागे सामान ठेवले की शेपूट बसे आणि थोड्या वेळात पुन्हा उचलली जाई. एक वर्ष आधी हीच रचना कंपनीने दुसऱ्या मोटारीच्या केवळ मागच्या चाकांना लावून पाहिली होती. ओझे सर्वाधिक बदलते ते मागे, म्हणून प्रयोगही आधी मागे. पॅकार्ड कंपनीचे डेट्रॉइटमधील उत्पादन १९५६मध्ये थांबले. डीएस मात्र वीस वर्षे बनत राहिली.

१९/
अमेरिकेत या पेचाचे उत्तर हवेत शोधले गेले. रबरी पिशवीत हवा भरून तिलाच स्प्रिंग करायचे. भार वाढला की अधिक हवा भरावी. उंची तीच राहते आणि कडकपणा भाराच्या प्रमाणात वाढतो. म्हणून रिकामे आणि भरलेले वाहन जवळजवळ एकाच लयीत हलते. चौथ्या पोस्टमधल्या हिशेबातून पोलादाला जे जमले नाही, ते हवेला जमते. १९५०च्या दशकात जनरल मोटर्सच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांत, विशेषतः १९५४च्या ग्रेहाउंड सीनिक्रूझरमध्ये, हवेचे झोके रुजले. रोज भरणाऱ्या आणि रोज रिकाम्या होणाऱ्या बसला याहून योग्य काय असणार?

२०/
आलिशान मोटारीत मात्र हवा फसली. १९५७ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉम चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंगा घेऊन आली. पिशव्या आणि झडपा गळू लागल्या. सकाळी उठावे तर गाडी जमिनीला टेकलेली. अनेक मालकांनी पुन्हा पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. पिकअपमध्ये हवा आली ती मागच्या दाराने, पूरक म्हणून. १९४९मध्ये मिशिगनमधील लॅन्सिंग येथे सुरू झालेल्या एअर लिफ्टसारख्या कंपन्यांनी मूळ कमानीला जोड देणाऱ्या हवेच्या पिशव्या विकल्या. माल भरला की हवा भरा, उतरवला की सोडा. पाट्याची ताकद तशीच, आणि गरजेपुरती हवेची मदत.

२१/
विसाव्या शतकाच्या अखेरीस पिकअपचे घराणे दुभंगले. फोर्डच्या हलक्या एफ-१५०ला १९९७च्या मॉडेलपासून मोटारीसारखी पुढची स्वतंत्र चाके मिळाली. १९९९च्या मॉडेलसाठी अवजड कामाची सुपर ड्यूटी मालिका वेगळी निघाली. चारचाकी चालनाच्या सुपर ड्यूटीत पुढे अखंड आस आणि पाटे कायम होते. २००५मध्ये आस तोच ठेवून पुढे कॉइल स्प्रिंगा आल्या. जनरल मोटर्सने अवजड ट्रकांतही पुढे स्वतंत्र चाके आणि टॉर्शन बार ठेवले. मागे मात्र सर्वत्र पाट्यांचेच राज्य, आणि पाट्यांबरोबर तो जुना झुकाव. फक्त आता असे पुष्कळ ट्रक दिवसेंदिवस रिकामेच धावू लागले. ओझे गेले, त्याची राखीव जागा तेवढी उरली, आणि ती डोळ्यांना खुपू लागली.

२२/
याच मागणीतून ‘लेव्हलिंग किट’चा बाजार वाढला. सर्वांत स्वस्त किट म्हणजे पुढच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवायची धातूची वा टणक प्लास्टिकची जाड चकती. तिच्याविषयी एक समज रूढ आहे, की चकतीने स्प्रिंग कडक होते. तसे होत नाही. स्प्रिंग तीच, भार तोच, म्हणून कडकपणाही तोच. टॉर्शन बारच्या ट्रकमध्ये बोल्ट पिळून पुढची बाजू उचलतात. तिथेही कांब अधिक कडक होत नाही. मग दणके कुठून येतात?

२३/
दणके येतात ते संपलेल्या वाटेतून. प्रत्येक चाकाला वर जाण्याची आणि खाली उतरण्याची ठरावीक वाट असते. पुढची बाजू दोन इंच उचलली, म्हणजे चाकाने खाली उतरण्याच्या वाटेतले दोन इंच उभ्या उभ्याच खर्च केले. आता खड्डा आला की चाक पुरते उतरू शकत नाही. शॉक अब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन आतल्या आत आदळतो आणि तो ठोका सांगाड्यात जातो. चालकाला वाटते, स्प्रिंग कडक झाली. प्रत्यक्षात स्प्रिंगला काम करायला जागाच उरलेली नसते. उचललेल्या उंचीच्या मापाचे लांब शॉक अब्सॉर्बर बसवले आणि सांध्यांना हलायला वाव ठेवला, तरच आराम टिकतो.

२४/
दुसरे कारण कोनांचे. अखंड आसाच्या ट्रकमध्ये पुढचा आस लांब दांड्यांनी धरलेला असतो. गाडी उचलली की दांड्या खाली झुकतात आणि आस किंचित फिरतो. ज्या कोनामुळे सुकाणू सोडले तरी चाके सरळ धावतात, तो कास्टर कोन कमी होतो. आडवा दांडा आसाला थोडा एका बाजूला ओढतो. कोन बिघडलेला, त्यात सांधे झिजलेले, अशा ट्रकची पुढची चाके एखाद्या खड्ड्यानंतर भयंकर थरथरू लागतात. चालक तिला ‘मृत्यूची थरथर’ म्हणतात. १९३०च्या दशकात ओली यांनी ज्या फडफडीमुळे अखंड आस सोडला, तिचीच ही सख्खी बहीण. इतिहास इथे ग्रंथालयात राहत नाही. तो सुकाणूतून हाताला जाणवतो.

२५/
तिसरे कारण परत येणाऱ्या ओझ्याचे. ४,५०० किलोचा ट्रेलर जोडला, तर त्याचा साधारण १० ते १५ टक्के भार, म्हणजे ४५० ते ६७५ किलो, मागच्या हुकावर पडतो. हुक मागच्या आसाच्या पलीकडे असतो, त्यामुळे तरफेसारखी पुढची बाजू उचलली जाते. आधीच समतल केलेला ट्रक मग नाक वर करून उभा राहतो. पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड आणि ब्रेकची मदत घटते. दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दुसऱ्या पोस्टमधली उलाळ गाडी ती हीच, फक्त ताशी शंभर किलोमीटर वेगाने.

२६/
नाक वर असण्याचा धोका कायद्यानेही ओळखला आहे. पुढची बाजू खूप उचलून शेपूट खाली पाडण्याची ‘कॅरोलायना स्क्वॉट’ नावाची फॅशन आग्नेय अमेरिकेत पसरली. अशा ट्रकच्या चालकाला जवळचा रस्ता दिसत नाही. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२१पासून पुढची बाजू मागच्यापेक्षा चार इंच वा अधिक उंच करण्यास मनाई केली. एका प्राणघातक अपघातानंतर व्हर्जिनियाने २०२२मध्ये, आणि २०२३मध्ये साउथ कॅरोलायनाने असाच कायदा केला. ट्रक किती तिरका उभा आहे, हा केवळ आवडीनिवडीचा विषय राहिला नाही.

२७/
उत्पादकांनीही जुना पेच पुन्हा हाती घेतला. २०१३च्या रॅम १५००ला चारही चाकांवर हवेचे झोके मिळू लागले. २०१४च्या रॅम २५०० या अवजड ट्रकने मागचे पाटे सोडून कॉइल स्प्रिंगा आणि आस धरणाऱ्या पाच दांड्या घेतल्या. मागे हवेच्या पिशव्यांचा पर्यायही दिला. पाटा एकटा करी ती तीन कामे आता तिघांत वाटली गेली : भार स्प्रिंगकडे, आस धरणे दांड्यांकडे, उसळी शमवणे शॉक अब्सॉर्बरकडे. त्याच घरातल्या अधिक अवजड ३५०० मध्ये मात्र पाटे राहिले. ओझे फार वाढले की जुन्या लोहाराचा सल्ला अजूनही ऐकला जातो.

२८/
म्हणून अवजड पिकअप समतल करूनही त्याची चाल राखायची, तर मार्ग इतिहासातूनच निघतो. उंची गरजेपुरतीच, एक-दोन इंच वाढवावी, आणि मागचे थोडे उंच राहू द्यावे. चकत्या रचण्यापेक्षा योग्य लांबीची, मूळ कडकपणाच्या जवळची स्प्रिंग बरी. तिला जुळणारे शॉक अब्सॉर्बर हवेत. दांड्या आणि कास्टर कोन मूळ जागी आणावेत, दिव्यांचा झोत पुन्हा लावून घ्यावा. मागचे पाटे काढून शेपूट खाली आणू नये. ओझ्याच्या दिवसासाठी हवेच्या पिशव्या जोडाव्यात. यातील प्रत्येक सूचनेमागे कोणाचा तरी झिजलेला टायर किंवा ढवळलेले पोट आहे.

२९/
१९२५च्या शेतकऱ्याला ट्रकचा तिरकेपणा कधी दिसलाच नसावा, कारण त्याच्या हौद्यात नेहमी काहीतरी असे. आजच्या मालकाला तो दिसतो, कारण हौदा रिकामा आहे. मधल्या शंभर वर्षांत पोलाद सुधारले, हवा कोंडता आली, चाके स्वतंत्र झाली. पण सर्वांत मोठा बदल ट्रक कशासाठी घ्यायचा, या उत्तरात झाला. उंचावलेली ती शेपूट म्हणजे एका जुन्या कामाची आठवण आहे. ती पुसायची की राखायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुसण्यापूर्वी ती तिथे का होती, एवढे मात्र ठाऊक असावे.